राज्य कुणावर? पारंपरिक खेळांतून इंग्रजी शिकवताना कशाआधी काय करायचं

इंग्रजीच्या तासाला मुलांना मैदानावर नेलं, लंगडीचे चौकोन आखले, त्यांत ए-बी-सी-डी लिहिली आणि मुलं तासभर खिदळली. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘व्हॉट इज धिस?’ विचारलं, तर नेहमीचीच दोन-चार मुलं बोलली आणि बाकीची खाली बघत बसली. मग शिक्षकांच्या खोलीत निष्कर्ष निघतो की खेळून इंग्रजी येत नाही. पण त्या लंगडीत कुणालाही इंग्रजी बोलण्याची गरजच पडली नव्हती. अक्षरं पायाखाली होती, तोंडात यायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

आता याच मुलांचा मधल्या सुट्टीतला खेळ ऐका. ‘टाइम प्लीज!’, ‘आउट!’, ‘फाउल!’ हे शब्द त्यांना कुणी शिकवले नाहीत, फळ्यावर लिहून दिले नाहीत, त्यांचा अर्थही सांगितला नाही. तरी पहिलीतलं पोरही ‘टाइम प्लीज’ अगदी वेळेवर म्हणतं. नाही म्हटलं तर राज्य येतं ना!

खालची सगळी पद्धत या एकाच अटीवर उभी आहे: ठरवलेलं इंग्रजी वाक्य बोलल्याशिवाय डाव पुढे सरकता कामा नये. पायऱ्या मराठी माध्यमाच्या पहिली ते चौथीच्या वर्गासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका, कारण बहुतेक ठिकाणी घोटाळा खेळाच्या निवडीपेक्षा क्रमातच होतो. आणि हे सगळं एका तासात कोंबू नका. पायरी ३ ते ५ एका दिवशी, ६ ते ८ दुसऱ्या दिवशी, उरलेलं तिसऱ्या दिवशी, असं धरून चला.

## १. आधी वाक्य ठरवा, मग खेळ

‘आज लगोरी घेऊ, त्यात काहीतरी इंग्रजी बसवू’ असं ठरवलं की इंग्रजी ओढूनताणून बसवावं लागतं. उलट बाजूने सुरुवात करा. बालभारतीच्या पुस्तकात या आठवड्यात जो पाठ चालू आहे, त्यातला एक प्रश्न आणि त्याचं एक उत्तर घ्या. फक्त एकच जोडी. ती निवडताना तीन गोष्टी बघा:

- वाक्य लहान हवं. पहिली-दुसरीला तीन-चार शब्दांचं, तिसरी-चौथीला पाच-सहा शब्दांचं.
- त्यात एक जागा बदलती हवी. ‘इज धिस युअर पेन?’मध्ये पेनच्या जागी बॉटल, कॅप, बॅग येऊ शकते. ‘गुड मॉर्निंग, टीचर’मध्ये बदलायला काहीच नाही.
- एका डावात ते प्रत्येक मुलाच्या तोंडून अनेकदा यायला हवं.

बदलत्या जागेसाठी सहा ते आठ शब्द पुरेत, आणि तेही मुलांनी आधी ऐकलेले. वीस प्राण्यांची नावं आणि नवीन वाक्य एकदम दिलं तर मुलं नावं घोकतात आणि वाक्य सोडून देतात.

वाक्य ठरलं की त्याला साजेसा खेळ शोधा. किती, कुठे, कुणाचं, कोण आणि कोणता रंग हे पाच प्रश्न पारंपरिक खेळांत आधीपासूनच दडलेले आहेत. एकी-बेकीत ‘किती’ आहे, लपाछपीत ‘कुठे’, मामाच्या पत्रात ‘कुणाचं’, राजा-राणी-चोर-शिपाईत ‘कोण’. ज्या प्रश्नावर खेळ चालतो, तोच इंग्रजीत विचारायचा. बाहेरून काही चिकटवावं लागत नाही.

तपासा – मुका डाव: सगळी मुलं मुकी आहेत असं समजून खेळ मनातल्या मनात खेळून बघा. तरीही डाव सुरळीत चालत असेल, तर त्यात इंग्रजी नाही. वरची लंगडी या तपासणीत लगेच नापास होते.

याच तपासणीने काही खेळ बाजूला ठेवावे लागतील. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं तोंड आधीच गुंतलेलं असतं. खो-खो आणि आट्यापाट्या इतके वेगवान आहेत की वाक्य घातलं तर खेळ बिघडतो आणि वाक्यही. विटीदांडूत एक जण खेळतो आणि बाकीचे विटीपासून डोकं सांभाळतात. हे खेळ खेळाच्या तासाला जरूर घ्या, इंग्रजीच्या तासाला नकोत.

## २. तयारी: नियम, गट, जागा, खुणा

नियम मुलांकडून घ्या. एकाच खेळाची नावं आणि नियम दर वीस कोसांवर बदलतात. ठिकरीच्या लंगडीला काही भागांत बिल्लस म्हणतात. डोंगर-पाणीत ‘पाणी’ म्हटल्यावर कुठे उभं राहायचं, यावर दोन शेजारच्या गावांतली मुलं भांडतील. तुमच्या लहानपणचे नियम घेऊन गेलात तर पहिली दहा मिनिटं वादात जातात. आदल्या दिवशी मुलांनाच विचारा, त्यांचा डाव बघा आणि नियम त्यांचेच ठेवा. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली-पावरी, रायगडकडे कातकरी बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण तिथे मराठीसुद्धा घरची भाषा नसते.

गट लहान करा. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. ३० मुलांचं एकच रिंगण केलं आणि एकेकाने बोलायचं ठरवलं, तर ३५ मिनिटांच्या तासात एका मुलाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं. त्याच मुलांच्या १५ जोड्या केल्या तर कुणीतरी पंधरा जण सतत बोलत असतात. म्हणून पहिली पसंती जोडीच्या खेळाला, दुसरी चार-पाचच्या गटाला, आणि रिंगण केलंच तर १५ च्या आत.

जागा आणि साहित्य. जोडीचे खेळ व्हरांड्यात होतात, पावसाळ्यात तेच सोयीचे. खडू, रुमाल, चिठ्ठ्या, चिंचोके किंवा सागरगोटे एवढ्यावर काम भागतं.

सावधान: पहिलीतली मुलं चिंचोके नाका-तोंडात घालतात. त्यांना बाटल्यांची मोठी बुचं द्या. लपाछपीच्या आधी विहीर, रस्ता आणि पोषण आहाराची चूल या तीन बाजू ‘नो’ म्हणून जाहीर करा आणि खडूने रेघ मारा.

थांबण्याची खूण एकच ठेवा. दोन टाळ्या आणि ‘फ्रीझ!’ ही खूण खेळाआधी दोनदा करून बघा. ती बसली नसेल तर मैदानावर जाऊ नका.

## ३. पहिला डाव मुलांच्याच भाषेत

पाच मिनिटं खेळ जसा आहे तसा होऊ द्या. एकही इंग्रजी शब्द नको. अनेकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि ही पायरी गाळली जाते. मग नवे नियम आणि नवी भाषा एकदम अंगावर आल्यावर मुलं भाषा सोडतात आणि नियम धरतात.

खेळाचे नियम इंग्रजीतून समजावण्याचा हट्टही सोडा. नियम मराठीत किंवा घरच्या बोलीत सांगायचे, इंग्रजीसाठी ठरलेलं वाक्य आहे.

तपासा: खेळ न येणाऱ्या नव्या मुलाला दुसऱ्या मुलाने नियम सांगून बघावं. त्याला ते जमलं तर पुढे जा.

## ४. कान आधी: राज्य तुमच्यावर

आता राज्य तुम्ही घ्या. इंग्रजी फक्त तुम्ही बोलणार, मुलांनी ऐकून कृती करायची, बोलायचं नाही. ऐकून हालचाल करत भाषा शिकवण्याची ही रीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडली. आपल्याकडच्या डोंगर-पाणीत ती तयारच मिळते. तुम्ही ‘माउंटन!’ म्हणालात की मुलं पायरीवर, ‘रिव्हर!’ म्हणालात की खाली. मग ‘गो बिहाइंड द ट्री’, ‘टच द वॉल’, ‘स्टँड ऑन द स्टेप’. जे शब्द पुढे वाक्यात येणार आहेत, तेच इथे वापरा.

सुरुवातीला हाताने दाखवा, मग हात मागे बांधा आणि शेवटी मुलांकडे पाठ करून बोला. चुकीच्या जागी गेलेल्या मुलाला बाद करू नका. त्याच्या नावाने पुढची आज्ञा सोपी द्या.

सावधान: मुलं तुमचं ऐकून नव्हे, शेजाऱ्याकडे बघून धावत असतात. खात्री करायची तर चार-चार मुलांना बोलवा आणि डोळे मिटायला सांगून आज्ञा द्या. कोण हलतं आणि कोण वाट बघतं, ते लगेच दिसतं.

## ५. वाक्य जिभेवर बसवणं

याला पाच मिनिटं पुरतात. ‘रिपीट आफ्टर मी’ वीस वेळा म्हणण्यापेक्षा वाक्य शेवटाकडून जोडा:

‘द ट्री.’
‘बिहाइंड द ट्री.’
‘आर बिहाइंड द ट्री.’
‘यू आर बिहाइंड द ट्री.’

अशाने मुलं शेवटी अडखळत नाहीत. शिवाय मराठीच्या सवयीने होणारी ‘ट्री बिहाइंड’ ही चूक इथेच मोडते. ‘झाडामागे’मध्ये ‘मागे’ झाडानंतर येतं आणि मूल तोच क्रम इंग्रजीत घेऊन येतं. त्याला नियम सांगून उपयोग नाही, जिभेला वळण लावावं लागतं. मग तेच वाक्य कुजबुजत, मोठ्याने, रागावून, रडवेलं होऊन म्हणवून घ्या. अर्ध्या वर्गाने विचारायचं, अर्ध्याने उत्तर द्यायचं, मग उलट.

हो-नाही उत्तराचं वाक्य असेल तर इथे जास्त थांबा. ‘येस, इट इज नॉट’ हे उत्तर प्रत्येक वर्गात ऐकू येतं. हातात पेन धरून ‘इज धिस अ पेन?’ आणि वही धरून पुन्हा तोच प्रश्न, असं आलटूनपालटून विचारत राहा.

अर्थ मराठीत सांगायचा तर एकदाच. दर वेळी वाक्यामागे भाषांतर जोडलं की मूल इंग्रजीकडे कान बंद करून मराठीची वाट बघायला शिकतं. फळ्यावर अजून लिहू नका. लिहिलंत तर मैदानावर गेल्यावर मुलं तोंडातलं वाक्य आठवण्याऐवजी फळा शोधतील.

तपासा: मागच्या बाकावरची तीन मुलं एकेकटी वाक्य म्हणू शकतात का? समूहाच्या आवाजावर विश्वास ठेवू नका, त्यात निम्मे ओठच हलत असतात.

## ६. वाक्य डावाच्या दारात ठेवा

डाव जिथे एका हातातून दुसऱ्या हातात जातो, ते त्याचं दार. मूठ उघडणं, बाद करणं, सुटका होणं, राज्य जाणं. वाक्य नेमकं तिथे हवं. अधेमधे कुठेही ठेवलं तर मुलं ते ओलांडून जातात.

### एकी-बेकी: ‘हाउ मेनी?’

इंग्रजीसाठी याहून चांगला खेळ मला माहीत नाही. दोन मुलं, प्रत्येकाकडे दहा चिंचोके. एकाने काही मुठीत लपवायचे.

पहिल्या फेरीत लपवणारा विचारतो, ‘ऑड ऑर ईव्हन?’ समोरचा म्हणतो, ‘ऑड.’ मूठ उघडायची आणि दोघांनी मोजायचं: ‘वन, टू, थ्री. थ्री सीड्स. ऑड!’ बरोबर आलं तर मुठीतले चिंचोके सांगणाऱ्याचे, चुकलं तर त्याने तेवढेच द्यायचे. सम-विषम गणितात झालेलं नसेल तर ही फेरी सोडा.

दुसऱ्या फेरीत सांगणारा आधी विचारतो, ‘हाउ मेनी?’ लपवणारा म्हणतो, ‘गेस!’ मग:

‘फोर?’
‘नो. मोअर.’
‘सेव्हन?’
‘नो. लेस.’
‘फाइव्ह सीड्स?’
‘येस! फाइव्ह सीड्स.’

अंदाज तीनच. दारं दोन आहेत. ‘हाउ मेनी?’ विचारल्याशिवाय अंदाज मोजला जात नाही, आणि शेवटी आकड्यासोबत ‘सीड्स’ म्हटल्याशिवाय चिंचोके हलत नाहीत. एकच असेल तर ‘वन सीड’. शेवटचा ‘स’ आपली मुलं हमखास गिळतात. त्यासाठी तुम्ही काही बोलू नका. ‘स ऐकू आला नाही तर चिंचोके देऊ नका’ एवढं सांगा. समोरचं मूल तो नियम तुमच्यापेक्षा दहापट कडकपणे पाळतं.

आवाज होईल. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

### मामाचं पत्र: ‘इज धिस युअर पेन?’

रिंगणात १२ ते १५ मुलं. वर्ग मोठा असेल तर दोन रिंगणं करा. सुरुवातीला प्रत्येकाने आपली एक वस्तू पिशवीत टाकायची: पेन, कंपास, टोपी, रुमाल, बाटली. सगळ्या वस्तूंची इंग्रजी नावं आधी एकदा म्हणून घ्या. ज्याचं नाव येत नाही ती वस्तू घेऊच नका.

राज्य असलेलं मूल रुमालाऐवजी पिशवीतली एक वस्तू घेऊन रिंगणाबाहेरून फिरतं आणि कुणाच्या तरी पाठीमागे ठेवतं. तिथपर्यंत खेळ नेहमीचाच. ज्याला ती सापडते, त्याने पळायचं नाही. त्याने वस्तू उचलून मालक शोधायचा: ‘इज धिस युअर पेन?’ उत्तर येतं, ‘नो, इट इजन्ट.’ पुढच्याला विचारायचं. मालक सापडला की तो म्हणतो, ‘येस, इट इज. थँक यू!’ दरम्यान राज्य असलेलं मूल लंगडी घालत रिंगणाला एक फेरी मारतं. ते रिकाम्या जागेवर पोचण्याआधी मालक सापडला तर राज्य लंगडी घालणाऱ्याकडेच राहतं, नाही सापडला तर शोधणाऱ्यावर येतं. लंगडी मुद्दाम आहे, धावलं तर शोधणाऱ्याला दोन प्रश्नांपुरताही वेळ मिळत नाही.

इथे ठरलेली चूक म्हणजे घाईत ‘पेन? पेन? पेन?’ ओरडत सुटणं. उपाय बसलेल्या मुलांकडे आहे: अर्धा प्रश्न आला तर तोंडावर बोट ठेवायचं, उत्तर द्यायचं नाही. त्यामुळे बसलेली मुलंही कान टवकारून राहतात. एरवी रिंगणाच्या खेळात पाठीमागे काही पडेपर्यंत ती माती उकरत असतात.

### लपाछपी: ‘यू आर बिहाइंड द ट्री’

बहुतेक ठिकाणी लपाछपीतलं इंग्रजी म्हणजे राज्य असलेल्याने वीसपर्यंत आकडे म्हणणं. पाठ असलेले आकडे म्हणणं ही काही भाषा नव्हे. दार पुढे आहे. मूल दिसलं की नाव आणि जागा सांगायची: ‘सीमा, यू आर बिहाइंड द ट्री.’ नुसतं ‘सीमा दिसली’ म्हटलं तर सीमा बाद नाही. ‘अंडर द ट्री’ म्हटलं आणि ती मागे असेल तरी बाद नाही, आणि तिला येऊन धप्पा द्यायची संधी आहे.

जागा पाच-सहाच ठेवा आणि पायरी ४ मध्ये त्याच वापरून घ्या. ३० मुलांची एकत्र लपाछपी मात्र करू नका, अर्धा तास नुसती शोधाशोध होते. मैदान अपुरं असेल तर वर्गातच सात-आठच्या गटात एक चिंचोका लपवा. एकाने पाठ करून उभं राहायचं आणि मग विचारत सुटायचं: ‘इज इट अंडर द बॅग?’ ‘नो, इट इजन्ट.’ ‘इज इट इन द बॉक्स?’ मला तर ही बैठी लपाछपी मैदानावरच्यापेक्षा जास्त कामाची वाटते. मुलांना तसं वाटत नाही, हेही खरं.

### विषामृत: ‘हेल्प मी!’

पकडलं की ‘विष’, म्हणजे जागच्या जागी पुतळा. सुटकेसाठी मित्राला नाव घेऊन हाक मारायची: ‘हेल्प मी, मीना!’ मीना येऊन कपड्याकडे बोट दाखवते: ‘व्हॉट कलर इज धिस?’ ‘इट्स ब्लू.’ उत्तर बरोबर आलं की अमृत.

धावण्याच्या भरात मुलं नुसता हात लावून सोडवतात. दोन बदल करा: सगळ्यांनी चालायचं, धावायचं नाही, आणि प्रश्नोत्तर चालू असताना त्या जोडीला कुणी पकडायचं नाही. वेग उतरला की वाक्य ऐकू येतं.

### थोडक्यात आणखी तीन

राजा-राणी-चोर-शिपाई तिसरी-चौथीला. चिठ्ठ्यांवर किंग, क्वीन, थीफ, पोलिस इंग्रजी लिपीत लिहा, म्हणजे वाचनही होतं. ‘हू इज द पोलिस?’ ‘आय ॲम.’ ‘यू आर द थीफ!’ ‘नो, आय ॲम द क्वीन.’ गुण मोठ्याने इंग्रजीत सांगायचे.

ठिकरीची लंगडी घ्यायचीच असेल तर चौकोनात अक्षरांऐवजी चित्रं काढा आणि ठिकरी टाकण्याआधी कुठे टाकणार ते सांगायला लावा: ‘आय वाँट द फिश.’ ठिकरी दुसरीकडे पडली तर डाव गेला. एका आखणीला पाचच मुलं.

आंधळी कोशिंबीर: पकडलेल्याने आवाज बदलून ‘गेस हू!’ म्हणायचं, पकडणाऱ्याने ‘आर यू राजू?’ विचारायचं. डोळे बांधलेल्या मुलाभोवती दगड-पायऱ्या नकोत.

## ७. डाव चालू असताना शिक्षकाने काय करायचं

चुका सुधारायच्या नाहीत. मूल ‘यू बिहाइंड ट्री’ म्हणालं आणि तुम्ही ‘थांब, आर कुठे गेला?’ म्हणालात, तर डाव मोडतो आणि ते मूल पुढच्या वेळी मागे उभं राहतं. खेळाच्या नियमात बसणारी चूक, म्हणजे न ऐकू आलेला ‘स’ किंवा अर्धा प्रश्न, समोरची मुलं पकडतात. बाकीच्या चुका तुम्ही वहीत टिपा. फारच वाटलं तर बरोबर वाक्य सहज बोलून पुढे जा: ‘येस, शी इज बिहाइंड द ट्री!’

वाद होणार, कुणीतरी रडीचा डाव खेळणार. प्रत्येक गटात एक पंच नेमा आणि दर पाच मिनिटांनी बदला. पाय दुखावलेलं किंवा धावू न शकणारं मूल असेल तर त्याला कायमचा पंच करू नका, त्याच्यासाठी जोडीचा बैठा खेळ निवडा.

सावधान: बाद झालेलं मूल बाहेर बसवणारे खेळ इंग्रजीच्या तासाला उलटे काम करतात. ज्याला वाक्य येत नाही तेच आधी बाद होतं, आणि ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, ते भिंतीशी बसून राहतं. बाद होण्याऐवजी चिंचोका जाईल किंवा राज्य येईल, अशी शिक्षा ठेवा.

यावर मुलांकडे आपला उपाय आहेच: लिंबूटिंबू. लहान भावंडाला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. नवीन दाखल झालेलं, लाजाळू किंवा स्थलांतरातून मध्येच परतलेलं मूल पहिल्या दिवशी लिंबूटिंबू असू द्या. त्याने अर्धं वाक्य म्हटलं तरी चालेल, जोडीदार उरलेलं पूर्ण करेल. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या खेळात ही सवलत काढा. लिंबूटिंबू राहण्यात सुख असतं, ते हुशार मुलांनाही लवकर कळतं.

## ८. तुम्ही बाजूला व्हा

दोन-तीन डाव नीट झाले की राज्य, पंच आणि सुरुवात सगळं मुलांकडे द्या. तुम्ही व्हरांड्यात उभे राहा, दिसाल पण बोलणार नाही इतक्या अंतरावर.

तपासा: तुम्ही लांब गेल्यावरही वाक्य इंग्रजीतच येतंय का? मुलं हळूच मराठीवर घसरली तर त्यांना रागावू नका. एक तर वाक्य जड आहे किंवा दार सैल आहे. ते मराठीतून विचारूनही मूठ उघडत असेल, तर मुलांनी मराठीत का विचारू नये?

## ९. वर्गात परत: आता फळा, मग वही

इथपर्यंत मुलांनी वाक्य फक्त ऐकलं आणि बोललं. आता ते इंग्रजी लिपीत फळ्यावर लिहा आणि तोंडाने म्हणत त्यावर बोट फिरवा. शब्दांच्या पट्ट्या करून विस्कटा आणि मुलांकडून लावून घ्या. पहिली-दुसरीला पट्ट्या लावणं पुरेसं आहे. तिसरी-चौथीने वहीत आपल्याच खेळातली तीन खरी वाक्यं लिहावी: सीमा कुठे लपली होती, राजूची कोणती वस्तू सापडली. पाठ्यपुस्तकातला उतारा त्यानंतर उघडा.

पायरी ७ मध्ये टिपलेल्या चुकांपैकी दोनच घ्या, नाव न घेता. फळ्यावर बरोबर आणि चूक अशी दोन्ही वाक्यं लिहून मुलांनाच निवडू द्या.

काही मुलं इंग्रजी वाक्याखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. पहिल्या दिवशी चालू द्या, दुसऱ्या दिवशी ती ओळ झाकून वाचायला लावा.

## १०. दुसऱ्या दिवशीची तपासणी

खेळात बोललेलं वाक्य खेळाबाहेर निघतं का, हे बघितल्याशिवाय पुढचं वाक्य घेऊ नका. हजेरीच्या वेळी पाच मुलं निवडा, रोज वेगळी. मैदानात न वापरलेली वस्तू दाखवा. एकी-बेकी चिंचोक्यांवर खेळली असेल तर खडू पुढे करा: ‘हाउ मेनी?’ मामाचं पत्र झालं असेल तर दुसऱ्याचीच बाटली त्याच्या हातात द्या आणि थांबा. ‘इज धिस युअर बॉटल?’ हा प्रश्न तुम्ही न सुचवता त्याने शेजाऱ्याला विचारला पाहिजे.

पाचांपैकी चौघांना जमलं तर वाक्य बसलं. दोघा-तिघांनाच जमलं तर तेच वाक्य ठेवून खेळ बदला: ‘हाउ मेनी?’ एकी-बेकीतून काढून सागरगोट्यांत न्या, झेललेल्या खड्यांवर विचारा. एकालाही जमलं नाही तर पायरी ५ कडे परत जा. मैदानावर आणखी दोन तास घालवून ते भरून निघत नाही.

बसल्यावर उलट करा, खेळ तोच ठेवून वाक्य वाढवा. ‘हाउ मेनी?’च्या जागी ‘हाउ मेनी सीड्स हॅव यू गॉट?’ आणा. नियम ओळखीचे असल्यामुळे पायरी ३ आणि ४ ची गरज नाही, थेट पायरी ५ पासून सुरुवात करा. आणि नवीन वाक्यासाठी चिंचोक्यांची नवी वाटणी करा. जुन्या डावातले चाळीस चिंचोके खिशात घेऊन आलेल्या पोराशी कुणी खेळायला बसत नाही.